शिफारसपत्रातला 'मी'

प्रोफेसर शादली बेन अमोर यांच्याकडे कोणी शिफारसपत्र मागायला गेलं की ते मान वर न करता सांगत, "लिहून आण, सही करतो." रसायनशास्त्र विभागात सव्वीस वर्षं हा शिरस्ता चालू होता आणि त्यापायी कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आपली स्तुती आपणच लिहायची म्हटल्यावर पोरं लाजून दोन ओळींत आटपत, आणि त्या दोन ओळी वाचायचाही सरांना कंटाळा. सही करायची, तिच्यावर गोल निळा शिक्का उमटवायचा, की कागद खरा झाला.

यंदा संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या वर्षाला शिकवण्याची एकच जागा निघाली आणि अर्ज आले अकरा. त्यांतली निब्रास दर सोमवारी गावाहून लुआजने, म्हणजे आठ माणसं भरली की सुटणाऱ्या गाडीने येई. वडिलांनी तिला सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली होती. जागा मिळाली तर शिकायचं, नाहीतर घरी परत. एवढं असूनही स्वतःबद्दल 'मेहनती' हा एक शब्द लिहून ती अडून बसली. शेवटी तिच्या खोलीतली बलकीस वैतागली. "दे इकडे. तुझ्याबद्दल मला आहे तेवढी माहिती तुलाही नाही." बलकीसने एका बैठकीत दोन पानं लिहून काढली. निब्रासने ती लाजेपोटी वाचली नाहीत, सरांनी सवयीने वाचली नाहीत.

निवड समितीत तिघं होते: अध्यक्ष सी बशीर ('सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'), भौतिकशास्त्राच्या मादाम जलीला आणि शादली सर. मादाम जलीला पत्रं मोठ्याने वाचत होत्या आणि शादली सर चहावर तरंगणारे चिलगोजे चमच्याने वेचत होते. दहा पत्रांत दहा मेहनती आणि वक्तशीर मुलं निघाली. मग शेवटचं, अकरावं पत्र आलं.

"'मला तिसऱ्या वर्षापर्यंत एन्ट्रॉपी अजिबात कळली नव्हती,'" मादाम जलीलांनी वाचलं आणि त्या थांबल्या. चष्मा पुसून त्यांनी पुढे वाचलं, "'निब्रासने एकदा गाडीत सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता समजावली, तेव्हा कळली. त्याआधी ती कोणालाच मला समजावता आली नव्हती. सरांनासुद्धा नाही.'"

चमचा कपात पडला. सी बशीरनी विचारलं, "कुठले सर?"

"माझे," शादली म्हणाले. "जुने."

सी बशीर भला माणूस होता, पण नियमाला पक्का. "शादली, हे पत्र तुम्हीच लिहिलंय ना? दुसऱ्या कोणी लिहिलं असेल तर अर्ज बाद करावा लागेल. तसं आत्ताच सांगा."

सांगून मोकळं व्हावं असं शादलींना क्षणभर वाटलं. मुलीचा चेहराही नीट आठवत नव्हता. आणि मग नको ते आठवलं. मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला होता, "पण सर, एन्ट्रॉपी म्हणजे गोंधळ, तर तो वाढतोच का?" आणि त्यांनी फळा पुसत उत्तर दिलं होतं, "परीक्षेत येत नाही." उत्तर त्यांना स्वतःलाच येत नव्हतं. समीकरण येत होतं, ते फळ्यावर उतरवता येत होतं, सव्वीस वर्षं तेवढ्यावर निभावलं होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"मीच लिहिलंय," ते म्हणाले.

हे बोलल्यावर पुढचं सगळंच त्यांच्या गळ्यात पडलं. पत्रात पुढे होतं की माझा एप्रन फाटला तेव्हा निब्रासने स्वतःचा दिला आणि तो मला अगदी नीट बसला. दोघांची नजर सरांच्या पोटावर गेली. सरांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तेव्हा आपण बारीक होतो असं सांगितलं. मुलगी इथे येऊन चारच वर्षं झालीत, याची आठवण सी बशीरनी हळूच करून दिली.

"'गेल्या रमजानमध्ये माझी आई आजारी होती,'" मादाम जलीला वाचत होत्या, "'तेव्हा ही आठवडाभर आमच्या घरी शोरबा रांधत होती.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "शादली, तुमच्या आईच्या मयताला मी आले होते. बारा वर्षं झाली."

"मावशी," शादली म्हणाले. "मावशीलाही मी आईच म्हणतो."

मग मादाम जलीलांनी पत्राची घडी घातली. "एवढ्या वर्षांचा प्राध्यापक लिहून देतो की मला हे कळत नव्हतं आणि या मुलीने शिकवलं. माझ्या हातून हे झालं नसतं." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं की नव्हतं, हे शादलींना नक्की सांगता आलं नाही. सी बशीरनी मात्र उठून त्यांचा हात हातात घेतला आणि यादीत निब्रासचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी निब्रासला बोलावलं, तर पाठोपाठ बलकीसही रडवेली होऊन आत आली आणि चूक माझी म्हणू लागली. सरांनी तिला हाताने थांबवलं आणि दार लावून घेतलं.

"पत्र कोणी लिहिलं ते मी विचारत नाही. त्या दिवशी गाडीत काय सांगितलंस, तेवढं सांग."

निब्रास घाबरत म्हणाली, "साधं आहे सर. गाडीत आठ माणसं, आठ जागा. प्रत्येकाची आवडती जागा ठरलेली. सगळे आपापल्या जागी बसले, अशी तऱ्हा एकच. बाकीच्या चाळीस हजार तीनशे एकोणीस तऱ्हांत कोणी ना कोणी चुकीच्या जागी. गोंधळ कोणी मुद्दाम करत नाही सर, त्याच्या तऱ्हाच जास्त असतात."

सरांनी समोरचा कोरा कागद ओढला, त्यावर आठ चौकोन काढले आणि पेन सरसावलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "जरा सावकाश."

निब्रासने पुन्हा सांगितलं, आणि सही-शिक्क्याच्या त्या पत्रातली एन्ट्रॉपीची गोष्ट अखेर खरी झाली. एप्रनाचं मात्र कठीणच होतं.