चार शिंगांचा पंचनामा

मळमड्डीतल्या भीमाण्णांना साधा मोर जरी दिसला, तरी त्याला दोन साक्षीदार लागत. तीस-बत्तीस सालची गोष्ट. कोर्टातल्या कारकुनीतून अण्णा पेन्शनीत निघाले होते, पण सवय सुटली नव्हती. रानात दिसलेल्या प्रत्येक जनावराचा ते लाल वहीत पंचनामा करीत: ठिकाण, वेळ, खाली दोन सह्या. "एकट्यानं पाहिलेलं म्हणजे न पाहिलेलं," हे त्यांचं पालुपद. एकदा मला कोल्हा दिसला, तेव्हा अण्णा वहाणेतला काटा काढत होते. कोल्हा बाद!

शेजारी राहतो या गुन्ह्याबद्दल मी त्यांचा कायमचा साक्षीदार. कार्तिक सरत आला की केलगेरीच्या तळ्यापलीकडची टेकडी ठरलेली. तिथे त्यांना चौशिंगा पाहायचा होता, चार शिंगांचं हरीण. त्यांच्या बायकोला, अंबक्कांना, तो तिथेच दिसला होता. अण्णा तेव्हा खाली मान घालून शेंगा फोडत होते. "चार शिंगं? आधी चष्मा पूस," म्हणाले आणि नोंदच घेतली नाही. असा प्राणी असतो हे पुढे एका फॉरेस्ट गार्डानं सांगितलं, तोवर अंबक्का गेल्या होत्या. तेव्हापासून सात कार्तिक अण्णा ही टेकडी चढत होते.

त्या पहाटे धुकं इतकं, की स्वतःचं धोतर दिसेना. तासभर आम्ही समोरच्या झुडपाआड अंधुक दिसणाऱ्या शिंगांवर नजर ठेवून बसलो. निघाली शेळी.

"आरोपी निर्दोष," अण्णा पुटपुटले.

"अण्णा, आता परत फिरू या."

"सुम्निरु!" त्यांनी माझं तोंडच दाबलं.

धुकं जरा विरळ झालं होतं. वीस पावलांवर ते उभं होतं. कपाळावर दोन इवलीशी, मागे दोन लांब. अण्णांनी बोटांवर मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच!

चौशिंगा उडी मारून पसार झाला, तसं अण्णांनी उपरणं हवेत उडवलं. "खरं सांगत होती! अरे, खरं सांगत होती ती!" साठी उलटलेला माणूस दगडावर चढून नाचत होता, आणि खोटं कशाला सांगू, मीही नाचलो.

मग धापा टाकत त्यांनी वही उघडली. पहिल्या साक्षीदाराच्या जागी सावकाश लिहिलं, 'अंबक्का'. खाली स्वतःची सही केली.

"आणि मी?"

"दोनच लागतात, तम्मा."

"म्हणजे पुढच्या कार्तिकात आता यायला नको?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"यायचं की. तिला इथे एकदा अस्वलही दिसलं होतं. मी तेव्हाही ऐकलं नव्हतं."