तीन पायांचा पाठिंबा

वहिनींची करवत सापडत नव्हती. खुर्च्या दुरुस्तीचं दुकान टाकायला निघालेल्या बाईची करवत हरवणं म्हणजे ऐन खटल्याच्या दिवशी वकिलाचा घसा बसणं.

"तुम्ही पाहिलीत का हो?"

"कोणती करवत?" नवऱ्याने इतक्या निरागसपणे विचारलं, की वहिनींना तिथेच संशय यायला हवा होता. पण त्यांचं डोकं गाळ्यात अडकलं होतं.

खुर्च्यांच्या कारखान्यात वहिनींचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तो बंद पडला तेव्हा मालक भाषणात म्हणाले, 'तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात,' आणि कुटुंबाला बाहेर काढून त्यांनी कुलूप लावलं. तेव्हापासून वहिनींनी ठरवलं होतं, आता हात चालतील ते स्वतःच्या दुकानात. इमारतीखालचा गाळा रिकामा होता. छोट्या धंद्यांना मदत करणारं केंद्र तो वर्षभर बिनभाड्याने द्यायला तयार होतं. अट एकच, धंद्याला गल्लीचा पाठिंबा दिसला पाहिजे. तो बघायला उद्या केंद्राचे साहेब जातीने येणार होते. नाही पटलं, तर गाळा झेरॉक्सवाल्याला.

पाठिंबा जमवायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. गल्ली त्याला 'पुढारी' म्हणे. निवडणूक त्याने कधी लढवली नव्हती, पण चार माणसं दिसली की पाचवा हा, आणि बोलणारा एकटा हाच.

पाठिंब्याला तोटा नव्हता. "वहिनी, बिनधास्त टाका दुकान!" सलूनवाला म्हणाला. निवृत्त मुख्याध्यापकांनी 'उद्योगाचं महत्त्व' या विषयावर जिन्यातच तास घेतला. दातांच्या डॉक्टरांनी पाटी कुठे लावायची ते सांगितलं. वहिनींनी सगळ्यांना एकच विचारलं, "तुमची एखादी खुर्ची आहे का दुरुस्तीला?"

"छे हो! आमच्या एकदम भक्कम आहेत."

घोडं अडलं ते इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी गाळ्याचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. समोर रांग लागली होती. माणसांची नव्हे, खुर्च्यांची. बहुतेकींना तीनच पाय. चौथा मालकाच्या काखेत.

"बघ, बघ!" पुढारी हात चोळत म्हणाला. "मागणी कशी वाढलीय!"

"एका रात्रीत?"

"हवामान बदललंय," पुढारी म्हणाला.

वहिनी पुढे काही विचारणार, तोवर साहेब आलेच. साहेब अंगाने भरदार होते आणि अख्खी गल्ली चालून आले होते. वाटेत त्यांनी सलूनमध्ये गिऱ्हाईक पोऱ्याकडून उभ्याने दाढी करून घेताना पाहिलं होतं. दवाखान्यात पेशंट गाल धरून भिंतीला टेकले होते. ते घाम पुसत म्हणाले, "बाई, बोलू आपण सविस्तर. आधी बसायला काही मिळेल का?"

मालकांनी आपापल्या खुर्च्या मागे ओढल्या. आयुष्यभर मुलांना 'उभा राहा' म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांच्या तोंडून नेमकं त्याच वेळी "बसा ना!" निघालं, आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. त्यांच्या खुर्चीला चारही पाय होते. स्वभावाने काटकसरी असल्यामुळे त्यांनी एक पाय फक्त निम्मा कापला होता.

साहेब बसले. खुर्ची नाही बसली, ती झोपली.

वहिनींच्या डोळ्यांसमोरून झेरॉक्सचं मशीन सरकत गाळ्यात गेलं. साहेब मात्र उठेनात. जमिनीवरून त्यांना सगळ्या खुर्च्या खालून दिसत होत्या. त्यांनी सलूनवाल्याच्या खुर्चीच्या तुटक्या पायावर बोट फिरवलं. बोटाला ताजा भुसा लागला.

"ही कशी मोडली?"

"आपोआप," सलूनवाला म्हणाला. "आजोबांच्या वेळची आहे, साहेब."

"हिच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही."

सलूनवाला गडबडीने मागे सरला आणि त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलातून करवत खणकन खाली पडली.

"माझी करवत!" वहिनी ओरडल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे पाहत होता. गाळ्यात पंखा नव्हता.

मग एकच कल्लोळ झाला. "मी हात लावला नाही!" "आमची पडून मोडली!" "मी तर शपथेवर सांगतो," मुख्याध्यापक म्हणाले आणि शपथ मात्र घेतली नाही.

वहिनी पुढे झाल्या. "साहेब, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण माणसं माझीच आहेत. त्यांनी केलं ते माझ्याचसाठी. गाळा नाही दिलात तरी चालेल." मग त्यांचाच आवाज घसरला. "चालणार नाही हो. पण तुमचं म्हणणं मी समजून घेईन."

साहेबांनी भिंतीला धरून स्वतःला उभं केलं आणि पँट झटकली.

"बाई, मी जागोजाग पाठिंबा बघत फिरतो. लोक सल्ले देतात, टाळ्या वाजवतात, हार आणतात. पण शेजारणीच्या दुकानासाठी स्वतःचं बूड टेकायची जागा कापून देणारी गल्ली मी पहिल्यांदा बघतोय. आणखी काय पुरावा पाहिजे? गाळा तुमचा."

अशी आरोळी उठली, की दवाखान्यातले पेशंट दुखरा गाल सोडून धावत आले. पुढाऱ्याने आभाराचं भाषण सुरू केलं. ते कुणी ऐकेना, कारण एव्हाना गल्लीचे पाय दुखायला लागले होते.

"वहिनी, माझी आधी हं," सलूनवाला म्हणाला. "गिऱ्हाईक उभ्याने डुलक्या घेतंय."

"माझे पेशंट कळवळतायत!" डॉक्टर म्हणाले.

"भांडू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "ज्याने आधी कापली, त्याची आधी."

सगळे एकदम पुढे सरसावले.

"मी काल संध्याकाळीच कापली!" सलूनवाला ओरडला.

"साफ खोटं! संध्याकाळी करवत माझ्याकडे होती!" मुख्याध्यापक गरजले. "सगळ्यांच्या आधी मी कापली, मी! खोटं बोलणाऱ्याला मी शाळेत बाकावर उभं करायचो!"

"करा की, सर," सलूनवाला म्हणाला. "पण तुमच्या घरचा बाकसुद्धा आता तीन पायांवर आहे."

वहिनी आत गेल्या. हसू आवरत नव्हतं, तरी त्यांनी पहिली खुर्ची उलटी केली, मांडीवर घेतली आणि बाहेर वळून म्हणाल्या, "रांगेत उभे राहा रे सगळे. नाही तरी दुसरं काय करणार आहात?"