दाबलेल्या फायली

कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभाचे फोटो काढून फोटोग्राफर घरी आला, तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती.

"नवी डिस्क आणतो," तो म्हणाला.

"अहो, मागच्या डिस्कच्या वेळीही हेच म्हणाला होतात. आधी आहे ते आवरा," बायको म्हणाली आणि तिनेच एक प्रोग्राम शोधून दिला. कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फायली तो दाबून निम्म्या करायचा. पुन्हा उघडल्या की ठिपकान् ठिपका जागेवर. फोटोग्राफर खूश झाला.

साहेबांना कचेरीत भिंतभर फोटो लावायचा होता, म्हणून हेडक्लार्क मूळ फायली न्यायला आला.

"एवढ्याशाच?" फायलींचा आकार बघून त्याने विचारलं.

"दाबल्यात," फोटोग्राफर सहज बोलून गेला.

हेडक्लार्कचा चेहरा उतरला. त्याच्या कचेरीत या शब्दाचा अर्थ एकच होता. तासाभरात साहेब स्वतः दारात हजर.

"माझ्या फायली दाबल्या? माझ्या?"

"साहेब, त्यातलं काहीसुद्धा गेलेलं नाही."

"मला शिकवू नका! उभी हयात फायली दाबण्यात गेली माझी. एकही परत वर आली नाही."

हेडक्लार्कने आदराने मान डोलावली.

"तुम्ही दाबता त्या वर येत नाहीत, साहेब," बायको चहा ठेवत म्हणाली. "आमच्या येतात."

साहेब विश्वास ठेवायला तयार नव्हते. सुदैवाने कॅमेऱ्याच्या कार्डात मूळ फायली अजून होत्या. पडद्यावर डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबून उघडलेली, अशी रीतसर चौकशी सुरू झाली. शर्टाची बटणं जुळली. हारातली फुलं जुळली. डोक्यावरचे केस जुळवायला फारसा वेळ लागला नाही. भाषण करताना गालावर आलेला अश्रू साहेबांनी नाक पडद्याला लावून पाहिला.

"हा माझाच ना?"

"तुमचाच, साहेब. दोन्हीकडे."

"उजेडातलं कुणीही सांभाळेल," साहेब हटेनात. "मागे तो काळा कोपरा आहे ना, तिथलं गेलं असणार."

आता फोटोग्राफरच्या इभ्रतीचा प्रश्न होता. "तेही बघा!" म्हणत त्याने अंधार हळूहळू उजळत नेला. काळ्या कोपऱ्यात आधी एक उघडं दार उमटलं. दाराआड साहेबांची केबिन. केबिनमध्ये साहेबांची खुर्ची. आणि साहेब इकडे अश्रू ढाळत असताना, त्या खुर्चीत, टेबलावर पाय टाकून, डोळे मिटून, सुखाने रेललेले, त्यांच्या जागी येणारे धाकटे साहेब.

डावीकडेही. उजवीकडेही.

"बघा, काही गेलं नाही!" फोटोग्राफर विजयाने म्हणाला. हेडक्लार्क चहाच्या कपात फार खोलवर बघत होता.

भाषणाच्या वेळीही साहेबांचा आवाज इतका बसला नव्हता.

"काही घालवता येतं का हो यातलं?"

"कोपरा कापून टाकू, साहेब?"

"कोपरा नको. खुर्ची राहू दे," साहेब म्हणाले. "त्याला तेवढं काढा."

फोटोग्राफरने माउस हातात घेतला. साहेबांनी दिलेला आणि त्याच दिवशी अमलात आलेला हा पहिलाच हुकूम.