शखेमच्या शेतातला इसम

ज्याने जगाचं भलं केलं त्याचं नाव जगाला कळलंच पाहिजे, आणि ते शोधायचं काम निवृत्त माणसांनीच केलं पाहिजे, याबद्दल नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या ज्ञानोपासक मंडळात कधी दुमत नव्हतं. (बाकी सगळ्याबद्दल होतं.) हिब्रू धर्मग्रंथ हाती घेतला तोही त्यामुळेच. आपल्या ग्रंथांवर बोललं की दोन गट पडतात आणि चहा थंड होतो. या ग्रंथाशी मंडळात कोणाचंच घेणंदेणं नाही, त्यामुळे शांतपणे विद्वत्ता करता येते.

प्रकरण असं. योसेफ नावाचा पोरगा भावांना शोधायला निघतो आणि शखेमजवळच्या शेतात भटकत राहतो. तिथे एक इसम आपणहून विचारतो, काय शोधतोस? पोरगा म्हणतो, भावांना. इसम म्हणतो, ते दोथानला गेले. संपलं. पुढे योसेफ विकला काय जातो, मिसर देशात मोठा अधिकारी काय होतो, दुष्काळात सगळं घराणं जगवतो काय! पण इसमाने तोंड उघडलं नसतं तर सगळं शखेमलाच अडलं असतं. आणि ग्रंथात त्याचं नाव नाही. आमच्या गोपाळरावांना हे फार लागलं. निवृत्त प्राध्यापक, भला माणूस. जेवताखाता त्यांना तो इसमच दिसायचा.

जुने भाष्यकार कोणी त्याला देवदूत म्हणतात, कोणी साधा वाटसरू. गोपाळरावांनी तिसरी शक्यता तपासली. मोकळ्या शेतात विनाकारण उभा राहून कोण कुठे गेलं याची खडान्‌खडा माहिती ठेवणारा माणूस प्लॉटचा दलाल असावा. पण तो काहीच विकत नाही, म्हणून ही शक्यता बाद. वाटसरूसाठी मंडळाने बेसा चौकात शास्त्रशुद्ध पाहणी केली. दहा जणांना पत्ता विचारला. आठ म्हणाले, "हे काय, समोरच हाय." नववा म्हणाला, मिहानकडून जा. दहाव्याने आम्हालाच पत्ता विचारला. (पत्ता मंडळाने मनानेच तयार केला होता.) तेव्हा खरा पत्ता, तोही आपणहून सांगणारा प्राणी मनुष्य असूच शकत नाही, हे सिद्ध झालं.

व्याख्यान मे महिन्यातल्या रविवारी ठरलं. चौकात गोपाळरावांचा फोटो आणि सभागृहाचा पत्ता असलेला फ्लेक्स लागला. त्यांचे थोरले बंधू रामाजी यांना हल्ली काही आठवत नाही, म्हणून त्यांना आपल्या पत्नी जिजाबाईंजवळ घरी ठेवून गोपाळराव आले. जिजाबाई दूध पाहायला आत गेल्या, तेवढ्यात रामाजी फाटकाबाहेर. नागपूरचं ऊन, डोक्याला काही नाही. जिजाबाईंनी फोनवर फोन केले, पण मंडळाच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन बंद होते.

गोपाळराव "म्हणून तो देवदूतच" इथवर आले आणि दार उघडलं. दारात रामाजी, लालबुंद, डोक्यावर कोणाचा तरी ओला दुपट्टा. मागे एक माणूस, हातात भाजीची थैली.

"काकाजी ले-आउटातल्या रिकाम्या प्लॉटांत फिरून राहिले होते," तो म्हणाला. "म्हटलं, काय शोधून राहिले? तं म्हणते, भावाले. फ्लेक्सवरचा चेहरा काकाजीसारखाच दिसला, म्हणून इकडं आणलं."

गोपाळराव व्यासपीठावरून धावलेच. "दादा, तुले काही झालं असतं तं मी काय केलं असतं गा?" म्हणत लहान पोरासारखे रडले. रामाजींनी त्यांचे डोळे पुसले. "कुठं गेला होता तू? मी कवापासून शोधून राहिलो." सभागृहात सगळ्यांचे डोळे भरले. माझेही भरले, उगाच कशाला लपवू.

माणूस अजून दारातच होता. मंडळाच्या सोनिकाताईंनी त्याला खुणेने सांगितलं, दार लावून घ्या, एसी चालू आहे. त्याने लावलं. बाहेरून.

मग व्याख्यान पूर्ण झालं आणि इसम देवदूतच असल्याचा ठराव एकमताने संमत झाला. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी अध्यक्षांचे, माइकवाल्याचे, फ्लेक्सवाल्याचे, चिवडा करणाऱ्या इंदुताईंचे नावानिशी आभार मानले आणि शेवटी, रिवाजाप्रमाणे, ज्ञात-अज्ञात सर्वांचे. त्यात तो आलाच.

दुसऱ्या दिवशी जिजाबाईंचा फोन आला. "भाऊजी, दुपट्टा धुऊन ठेवला. कोणाले देऊ? नाव काय हो त्याचं? पाणी तरी देलं का त्याले?"

मी म्हटलं, विषय चांगला आहे, मंडळापुढे ठेवतो.

वाचकांनी एवढ्यात हसू नये. तुम्हाला गोपाळराव कळले, रामाजी कळले, चिवडा कोणी केला तेही कळलं. जिजाबाईंनी विचारेपर्यंत त्याचं नाव तुम्ही तरी कुठे विचारलंत?