नाक्यावरचं चांदीचं घड्याळ

‘किती वाजले?’ हा जगातला सगळ्यात निरुपद्रवी प्रश्न आहे, असं माझं मत होतं. डोमाजीभाऊ नाकेदार भेटेपर्यंत ते टिकलं.

आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगल नाक्याशेजारच्या शाळेत मी मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती, पण शाळेला घड्याळ मिळालं नव्हतं. अख्ख्या गावात घड्याळ एकच, आणि ते डोमाजीभाऊंच्या खाकी कोटाच्या खिशात. पहिल्याच सकाळी मी नाक्यावर गेलो.

“डोमाजीभाऊ, किती वाजले?”

“काऊन पायजे?”

“शाळा भरवायची आहे.”

“पोट्टे आले का?”

“आले.”

“मंग भरली न शाळा! तिथी घड्याळाचं काय काम?”

एवढं बोलून त्यांनी खिशातून डोकावणारी चांदीची साखळी बोटानं आत ढकलली आणि बांबूच्या गाडीकडे वळले. मी नॉर्मल स्कूलमध्ये दोन वर्षं अध्यापनशास्त्र शिकून आलो होतो. मी परत आलो आणि घड्याळाशिवायच शाळा भरवली.

पुढे कळलं, की ही वागणूक खास माझ्यासाठी नव्हती. जंगलातून निघणारा सगळा माल या नाक्यावरून जायचा. साग, बांबू, डिंक, तेंदूपान, काहीही असो. डोमाजीभाऊंची वीस वर्षं ‘काय नेऊन राह्यले? कुठी? पास दाखवा’ हे विचारण्यात गेली होती. वेळसुद्धा त्यांच्या लेखी जंगलाचा माल होता. काम सांगा, पटलं तर घेऊन जा.

सिरोंच्याच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर रोज फाटकाशी थांबला की विचारायचा, “भाऊ, टाइम काय झाला?”

“काऊन?”

“लेट झाला का पाहतो.”

“लेट झाला तं काय करशीन?”

ड्रायव्हर प्रामाणिक माणूस होता. जरा विचार करून म्हणायचा, “काही नाई.”

“मंग जाय.” आणि फाटक वर.

घड्याळ मात्र खरोखर देखणं होतं. मोठ्या पेढ्याएवढं जाड, झाकणावर वेलबुट्टी, तीही बोटांनी घासून अर्धी पुसलेली. ते आलं कुठून याच्या गावात तीन हकिकती होत्या आणि तिन्ही डोमाजीभाऊंच्याच तोंडच्या. रेंजरला सांगताना ते विलायतेला परत गेलेल्या साहेबाचं बक्षीस असायचं, गाडीवानांना सांगताना सासऱ्यानं लग्नात दिलेलं, आणि मला सांगताना, “घड्याळ हाय गुरुजी, वेळ पाहा, गोत्र काऊन पाह्यता?”

एकदा जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे पाच-सहा झोपड्यांच्या वस्तीवरून, एक गोंड माणूस धावत नाक्यावर आला. बायको तापानं फणफणली होती. कंपाउंडरनं बाटली दिली होती आणि चार-चार तासांनी चमचा द्यायला सांगितलं होतं. आता त्या टोल्यावर तास कुठून आणायचा? त्या दिवशी डोमाजीभाऊंनी ‘काऊन’ विचारलं नाही. फाटक चपराशाच्या हवाली करून ते त्याच्याबरोबर तीन मैल चालत गेले. अंगणात एक काठी रोवली, दिवसभर तिथं बसून घड्याळ बघत जमिनीवर रेघा ओढल्या, आणि सांगितलं, “सावली या रेघीवर आली का चमचा. त्या रेघीवर आली का दुसरा.” बाई बरी झाली. मी कौतुक करायला गेलो, तर म्हणाले, “त्याले काम होतं न गुरुजी.”

मी त्यांचा शेजारी होतो. मध्ये तुराट्यांचं कुंपण, त्यामुळे दोन्ही घरांना एकमेकांचं सगळं दिसायचं. रोज सकाळी डोमाजीभाऊ अंगणात उभे राहून घड्याळाला चावी द्यायचे. मग ते चूल पेटवत बसलेल्या बायकोच्या, भागरथाबाईंच्या, कानाला लावायचे आणि मोठ्यानं विचारायचे, “येते का?”

“येते,” बाई म्हणायच्या.

की डोमाजीभाऊ घड्याळ खिशात टाकून नाक्यावर. पहिले काही दिवस मला वाटलं, ही इकडची कुठली तरी पूजा असावी. एक दिवस त्यांनीच सांगितलं. भागरथाबाईंना वर्षानुवर्षं हिवताप येत होता आणि त्यावर मूठमूठ कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या चालल्या होत्या. ताप गेला, जाताना कान घेऊन गेला. पूर्वी घड्याळ हातभर लांब धरलं तरी बाईंना टिकटिक ऐकू यायची. मग वीतभरावरून. आता कानामागच्या हाडाला टेकवावं लागत होतं.

“पण येते,” डोमाजीभाऊ म्हणाले. “टिकटिक येते तवरिक काई चिंता नाई.”

त्यानंतर मी सकाळी त्या कुंपणाकडे बघायचं टाळू लागलो. बाईंचा ‘येते’ मात्र कानावर पडला की मलाही बरं वाटायचं.

त्या साली सागाच्या लिलावाला एका अशिलाबरोबर नागपूरचे एक वकीलसाहेब आले आणि आमच्या रेस्ट हाउसात उतरले. जुन्या घड्याळांचा त्यांना भारी शौक. नाक्यावर मोटार थांबली, त्यांना साखळी दिसली, आणि ते उडी मारूनच खाली उतरले. डोमाजीभाऊंनी लांबून झाकण दाखवलं, हातात काही दिलं नाही.

“हे मला द्या. म्हणाल ती किंमत देतो.”

“काऊन पायजे?”

“संग्रहाला. माझ्याकडे अशी चाळीसेक आहेत.”

“चाळीस!” डोमाजीभाऊ थक्क झाले. “मंग एवढ्या वेळेचं तुमी करता काय?”

“छे, चालवत नाही. काचेच्या कपाटात ठेवतो.”

डोमाजीभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू चाळीस माणसं कोंडून ठेवल्याचाच कबुलीजबाब मिळाला असावा. फाटक वर झालं. विषय संपला असं मी समजलो.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. गेल्या तीन-चार दिवसांत डोमाजीभाऊंनी कुणालाच वेळ सांगितली नव्हती. काम कितीही खरं असो. रेंजरसाहेबांनासुद्धा त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं होतं.

वकील भेटले त्याच दिवशी दिवेलागणीला ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ खिशातली वाळलेली मोहाची फुलं चघळत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, वकिलाले सांगा, घड्याळ घेऊन जाय म्हणा.”

“काय झालं?”

“बंद पडली. चार दिवस झाले.”

“मग दुरुस्त करून आणू. चांद्याला नाही झालं, तर नागपूरला पाठवू.”

“तसं नाई गुरुजी.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “पैल्या दिवशी मले मालूम नव्हतं. सवयीनं तिच्या कानाले लावली. तिनं म्हटलं, येते. मंग पाह्यलं तं काटा हालून नाई राह्यला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लावली. तरी म्हणते, येते. आज बी तेच.”

त्यांनी मुठीतली मोहफुलं परत खिशात टाकली.

“म्हंजे तिले कवाचंच आयकू येत नसंल. माह्या जिवासाठी म्हणत असंल. आन मी रोज सकाळी उठून तिले खोटं बोलाले लावतो! घड्याळच नाई राह्यली, तं इचारनंच बंद.”

मास्तर लोकांना सगळ्यावर बोलता येतं असा समज आहे.  मी त्या संध्याकाळी ‘वकिलांना सांगतो’ एवढंच म्हणालो आणि कंदील लावायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागरथाबाई आमच्याकडे विरजण मागायला आल्या. विरजण घेऊनही त्या हलेनात. शेवटी माझ्या बायकोच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी एक गुपित सांगितलं. बहिऱ्या माणसाचं गुपित ते, मला ओट्यावर स्पष्ट ऐकू आलं. नशीब, डोमाजीभाऊ मघाशीच घराबाहेर पडले होते.

“बाई, माहा कान पुरता गेला वो! पैले घड्याळाची टिकटिक हाडाले लागे. चार दिवस झाले, काईच लागत नाई. पन त्यायले सांगू नोका. हे आयकून त्यायचं जेवन तुटंल. म्या आपलं म्हणून देल्लं, येते.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी चपला न घालताच रेस्ट हाउसकडे धावलो.

डोमाजीभाऊ माझी वाट न पाहता तिथं पोचले होते. घड्याळ टेबलावर होतं, आणि वकीलसाहेब डोळ्याला भिंग लावून त्याचं पाठीमागचं झाकण उघडत होते. उघडलं, आणि ते हसायलाच लागले. आत एक मुंगी अडकून मेली होती, तीही चिकट पाकात.

“काय हो, खिशात काय ठेवता याच्याबरोबर?”

डोमाजीभाऊंनी खिशात हात घालून मूठभर मोहफुलं टेबलावर ठेवली. वकिलांनी चिमट्यानं मुंगी काढली, ब्रश फिरवला, कसलासा थेंब सोडला. घड्याळ चालू झालं. त्यांनी ते स्वतःच्या कानाला लावलं, आणि एवढा मोठा वकील, त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

“मग, देताय ना?”

“न्या,” डोमाजीभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

आता माझा पारा चढला. ज्याला अख्ख्या जगाला ‘काऊन’ विचारता येतं, त्याला घरच्या माणसाला एक प्रश्न नीट विचारता येऊ नये? मी वकिलांच्या हातातलं घड्याळ सरळ काढून घेतलं. “आधी घरी चला. एकदा बाईंच्या कानाला लावा. मग यांना द्या नाहीतर नदीत टाका!”

वकीलसाहेब चक्रावले, पण तेही मोटार घेऊन मागोमाग आले.

भागरथाबाई अंगण झाडत होत्या. एवढी माणसं बघून त्यांनी पदर सारखा केला.  मी घड्याळ डोमाजीभाऊंच्या हातात कोंबलं. त्यांनी काही न विचारता ते बाईंच्या कानामागे टेकवलं. बाईंच्या ओठांवर नेहमीचं उत्तर तयारच होतं. त्या ‘ये’ म्हणाल्या आणि थांबल्या. केरसुणी हातातून गळून पडली. दोन्ही हातांनी त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि घड्याळ हाडावर आणखी घट्ट दाबून घेतलं.

“आली जी! आली! चार दिवस गेली होती. मले वाटलं, कायमची गेली!”

डोमाजीभाऊंचा चेहरा बघवेना. माझे डोळे भरून आले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. वकीलसाहेब केव्हाच कुंपणाबाहेर जाऊन आपल्या मोटारीची काच पुसत उभे होते.

“सांगाचं नाई का मले, येडे?” डोमाजीभाऊ कसंबसं म्हणाले.

बाईंना ते ऐकू आलं नाही. त्या घड्याळ ऐकत होत्या.