गळक्या धाब्याची सोय

"मातीच्या घराची सर या फरश्यांना नाही," हे वाक्य मी जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या बंगल्यात रोज संध्याकाळी बोलते. बोलण्याची जागा ठरलेली आहे: माझी खोली, एसीच्या बरोबर खाली. वेळही ठरलेली आहे: सूनबाई बँकेतून येऊन चपला काढते ती. वाक्याचा मातीशी फारसा संबंध नाही. घरात एक वडीलधारं माणूस आहे आणि ते नाराज आहे, एवढं आल्या आल्या कळावं म्हणून ते असतं. कचेरीवर झेंडा असतो, तसं.

पण नुसतं वाक्य फार दिवस उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो. शेजारच्या कुंदाबाई उठता-बसता माहेरच्या दुमजली घराचं आणि आमराईचं सांगतात. मग मी काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसू? चोपड्याकडच्या गावात आमची एक खोली होती. वर धाबं, म्हणजे लाकडांवर माती थापून केलेलं सपाट छत. कुंदाबाईंशी बोलता बोलता त्या खोलीला आधी ओसरी आली, मग अंगण आलं, आणि गेल्या दिवाळीत अंगणात विहीरसुद्धा लागली. पाणी गोड लागलं. खरं म्हणजे गावच्या विहिरीला आम्हाला हात लावायची सोय नव्हती, आणि स्वतःची खणायला जमीन लागते. पण तोंडाने खणायला काय लागतं?

आमचे हे पाचोऱ्याला रेल्वेत लागले, त्या दिवशी निघताना मी त्या खोलीला कुलूपसुद्धा लावलं नाही. आत चोरण्यासारखं काही नव्हतं आणि मला परत यायचं नव्हतं. गाव सोडा, असं बाबासाहेब सांगून गेले, आम्ही सोडलं. मोठं काम होतं ते. पण त्याच्या गोष्टीत विहीर नाही, अंगण नाही, म्हणून मी ती कॉलनीत सांगत नाही.

सुयश, माझा मुलगा, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. गुणी पोरगा. एकच खोड आहे: आईचं बोलणं खरं मानतो. यंदा माझ्या वाढदिवसाला म्हणाला, "आई, तुला तुझं घर परत देतोय." आणि मला न् सूनबाईला गाडीत घालून सातपुड्याच्या पायथ्याशी 'शेणमाती' नावाच्या रिसॉर्टवर घेऊन गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात राहायला निघाले होते. बाथटब असतो म्हणतात. मी नवा टॉवेल घेतला होता.

दारात मॅनेजर उभा. नाव नवीन, अंगावर सगळं जुनं. धोतर, मुंडासं आणि कानात वायर. त्याने कुल्हडात ताक दिलं आणि खोल्यांची प्रतवारी सांगितली.

"तीन वर्ग आहेत, अक्का. 'पाटील' वर्गात एसी, गीझर, टीव्ही, गादी. तो सगळ्यात स्वस्त. 'कुणबी' वर्गात पंखा आहे. आणि 'सालदार' वर्गात काहीच नाही. तो प्रीमियम."

"काहीच नाही, आणि वर महाग?"

"अस्सलपणाचा चार्ज असतो ना, अक्का. पंखा काय, कुणीही लावतो. तो नसणं मेंटेन करावं लागतं."

सुयशने अर्थातच 'सालदार' घेतला होता. त्याचे आजोबा पाटलाच्या शेतावर सालदार म्हणून राबले, वर्षभराच्या बोलीवर, मूठभर दाण्यासाठी. नातवाने तीच सालदारकी आगाऊ बुकिंग करून, जीएसटी भरून मिळवली. यालाच घराणं वर येणं म्हणतात.

भिंतीवर रिसॉर्टच्या गावाचा नकाशा होता. पार, चावडी, विहीर, गोठा, कुंभाराचं चाक, सगळं रंगवलेलं. मी चौथी शिकलेली, पण नकाशा मला कळतो.

"यात आमची वस्ती कुठंय?" मी विचारलं.

"कोणती वस्ती, अक्का?"

"गावाबाहेरची. गाव म्हटलं की ती येतेच की."

नवीनने हातातल्या टॅबवर बोट फिरवलं. "ती फेज टूमध्ये आहे, अक्का."

सूनबाई खोकली. संघमित्राला हसू आलं की ती खोकते. धुळ्याची आहे, तिकडच्या पोरी सासूपुढे हसत नाहीत, पण खोकल्याला कोण काय म्हणणार?

आता अशा खोलीत काय काय मिळतं, ते पुढे जाणाऱ्यांच्या माहितीसाठी लिहून ठेवते. दार बुटकं मिळतं, म्हणजे माणूस नम्र होतो. मी झाले नाही, म्हणून कपाळावर टेंगूळ मिळालं. भिंती शेणाच्या रंगाच्या मिळतात. रंग डब्यातला आणि वास बाटलीतला. निजायला सुंभाची बाज मिळते, तीत बसलं की माणूस झोळीतल्या पोरासारखं खाली जातं आणि दोघांनी ओढल्याशिवाय वर येत नाही. बाथटबच्या जागी एक दगड आणि तांब्या. आणि संडास खाली बसायचा. माझे दोन्ही गुडघे जळगावला बदलून घेतलेले आहेत. जुन्यांना तरी सवय होती. हे नवे गुडघे बिचारे एक दिवसही गावात राहिलेले नाहीत.

"आई, कसं वाटतंय?" संघमित्राने अगदी मऊ आवाजात विचारलं. "तुमच्या घरासारखंच ना?"

"आमच्या घराची सर नाही," मी सवयीने बोलून गेले.

सुयशचे डोळे चमकले. "मला माहीत होतं! आई, मी ठरवलंय. परत गेलो की मागच्या अंगणात अशीच खोली बांधायची, तुझ्यासाठी, कायमची. तिथली मात्र अगदी तुझ्या मनासारखी. तुझी आताची खोली संघमित्राला ऑफिसच्या कामाला होईल."

"एसीसकट?"

"एसी तुला आवडतच नाही ना, आई."

मी बाजेत बसले होते. आणखी खाली गेले.

माझी अडचण नीट समजून घ्या. आवडलं म्हणावं, तर जळगावचा मे महिना मातीच्या खोलीत, पंख्याविना. नाही आवडलं म्हणावं, तर इतक्या वर्षांचं वाक्य एका दुपारी मातीत. उद्यापासून सून चपला काढणार आणि मी बोलणार तरी काय? शिवाय अंगणातली विहीर बुजवावी लागणार, ती वेगळीच. तेव्हा मी मधला मार्ग काढला: खोट काढायची. खोट काढण्यात मला कुणी शिकवायला नको.

जेवण घेऊन नऊवारीतली एक बाई आली. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. नाव कस्तुरा. शेजारच्याच पाड्यावरची. मला वाटलं, ही आपल्या बाजूने बोलेल.

"तुनं घरबी असंच शे का, माय?" मी आमच्या अहिराणीत विचारलं.

तिने तोंडाला पदर लावला. "मातीना घरमा आते कोण राही, अक्का? आमनं स्लॅबनं शे. पंखा शे, कूलर शे. हाई लुगडं बी मी आठे ईसन नेसस. घरमा गाऊन घालस."

"मग आठे बठ्ठा लोके कसाले येतस?" इथे माणसं येतात तरी कशाला, हे मलाही कळेना.

"आम्हीबी तेच इचारतस," कस्तुरा म्हणाली आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की मीच भाकरीकडे पाहिलं.

जेवून बाजेत कलंडले. डोळा लागतो न लागतो तोच कानावर आलं: टप.

धाब्याखाली संसार केलेल्या बाईला या आवाजाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेर ऊन रखरखत होतं, आभाळात ढगाचं बोटुक नव्हतं, पण माझ्या अंगाने काही विचारलं नाही. ज्या बाजेतून दोघांनी ओढावं लागत होतं, तीतून मी एकटी उठले. पातेलं लावलं. दुसरीकडे टप. तिकडे घागर सरकवली. तिसरीकडे टप. कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलेल्या मडक्यात पांढरी खारी माती होती. पावसाआधी धाब्यावर टाकतात, तीच. माठातलं पाणी ओतून तिचा गोळा केला, पदर खोचला, बाहेर फोटोसाठी टेकवलेली शिडी चढले आणि धाब्यावर जाऊन लिंपायला लागले. गुडघ्यांच्या डॉक्टरने हे पाहिलं असतं तर दवाखाना बंद केला असता.

लिंपता लिंपता पाहते तर मातीखालून काळी नळी गेलेली, तिला छोटी छोटी भोकं. सुयशच्या दुकानात मिळते तसलीच. मी प्रत्येक भोक दाबून बुजवलं. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. छत गळतंय! यापेक्षा मोठी खोट कोणती? गळक्या खोलीत म्हाताऱ्या आईला कोण ठेवतं? अब्रूही राहते, एसीही राहतो. मी धाब्यावरूनच आरोळी ठोकली.

"सुयश! बोलाव त्या मुंडासेवाल्याला! छत गळतंय यांचं! अशा खोलीत मी घटकाभर राहायची नाही!"

नवीन धोतर सावरत आला. त्याच्या मागून 'पाटील' वर्गातली गार हवेतली माणसंही आली.

"अक्का, ती तक्रार नाही, ती सोय आहे," तो म्हणाला. "गळक्या धाब्याची सोय. फक्त 'सालदार' वर्गाला देतो. दुपारच्या झोपेला गिऱ्हाइकांना आवाज लागतो. पण तुमच्या खोलीत तर थेंब पडतच नाहीये! बिघाड कसा झाला?"

तो शिडी चढून वर आला. ओल्या मातीवर माझी पाची बोटं उमटलेली होती. त्याने ती पाहिली, मुंडासं काढलं आणि तिथेच, धाब्यावर, माझ्या पाया पडला.

"असं लिंपण आम्ही कारागिराला मागतो, पण जमत नाही," तो खालच्या लोकांना ओरडून म्हणाला. "हे अस्सल आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे मोबाइल वर झाले. सुयश रडत होता. "बघ संघमित्रा," तो म्हणत होता, "आईचे हात मातीला विसरले नाहीत गं." मी घाबरून थेंब बुजवले होते, त्याला वाटलं मी जुन्या घराला मिठी मारली.

खाली उतरवल्यावर नवीनने माझ्यासमोर मोबाइल धरला. "अक्का, मातीच्या घराविषयी दोन शब्द. आमच्या पेजवर टाकतो."

संघमित्रा पुढे आली. तिने माझ्या हाताची माती स्वतःच्या ओढणीने पुसली आणि हळूच म्हणाली, "आई, खरं काय ते बोला. नको असेल तर नको म्हणा. मी सांगते त्यांना. तुमची खोली तुमचीच राहील."

या वेळी ती खोकली नाही. मनापासून बोलली होती, आणि तिथेच घात झाला. सुनेने देऊ केलेली सुटका घेईल, अशी सासू खानदेशात अजून जन्माला यायची आहे. मी पदर सारखा केला, मोबाइलच्या डोळ्यात डोळा घातला आणि म्हणाले, "मातीच्या घराची सर कशालाच नाही. त्या गळण्यातसुद्धा माया असते. आमच्या अंगणात तर विहीर होती..."

आम्ही जळगावला पोहोचायच्या आत सगळ्या कॉलनीने ते पाहिलं होतं.

हे मी मागच्या अंगणातल्या खोलीत बसून लिहिते आहे. मे महिना आहे. खोली आर्किटेक्टकडून झाली. पंखा नाही, आणि ते नसणं नीट मेंटेन केलेलं आहे. सुयशने धाब्यात स्वतःच्या दुकानातली सगळ्यात भारी ठिबक टाकली. दुपारी माझ्या अंगावर अस्सल थेंब पडतात, आणि खरं सांगते, दिवसभरात गार एवढंच काय ते लागतं. संध्याकाळी संघमित्रा येते, चपला काढते, माझ्या जुन्या खोलीत एसी लावते आणि खिडकीतून विचारते, "आई, आत येता का थोडा वेळ?" मी म्हणते, "मातीच्या घराची सर त्याला नाही." मग खोकला ऐकू येतो.

परवा कुंदाबाई आल्या. बुटक्या दाराला कपाळ आपटून आत बसल्या. घाम हनुवटीवरून टपटपत होता आणि बाई म्हणत होत्या, "किती गार वाटतं हो लीलाबाई! अगदी आमच्या माहेरासारखं!" त्यांचा मुलगा किरण दारातच उभा होता. त्याचे डोळे चमकलेले मी पाहिले. ते चमकणं मी ओळखते. एका शब्दात कुंदाबाईंना थांबवता आलं असतं. मी म्हटलं, "आणि तुमची आमराई? तिचंही सांगा ना." किरण जाताना सुयशकडून आर्किटेक्टचा नंबर घेऊन गेला.

तुम्हीही या कधी बसायला. वाचता वाचता तुम्हालाही तुमचं गावाकडचं घर आठवलं असेल. सारवलेलं अंगण, चुलीची भाकरी, सगळं. आठवू द्या. फक्त तोंडाने काही बोलायच्या आधी एकदा मागे वळून बघा, पोरगं दारात उभं आहे का.