आधी हाक कुणी मारायची

दोघांना बोलायचं असेल तर कुणीतरी एकानं आधी तोंड उघडावं लागतं, हे मानवजातीला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. ते गणितानं सिद्ध करायला मात्र पलूसच्या सुकुमार मगदुमांना अमेरिकेला जावं लागलं. सत्तरच्या सुमारास तिकडं एका संगणकाची तार दुसऱ्या संगणकाला जोडायचे प्रयोग चालले होते. तार जोडली तरी यंत्रं घुम्यासारखी बसून राहायची. (सोयरीक जुळवणाऱ्यांनाही हा अनुभव आहे.) सुकुमारांनी चार वर्षं खपून सिद्धांत मांडला : एका यंत्रानं हाक मारावी, दुसऱ्यानं ओ द्यावी, पहिल्यानं 'ओ ऐकली' म्हणून कळवावं, आणि मगच कामाचं बोलावं. यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. पलूसच्या बायका विहिरीच्या काठावरून रोज हेच करत, पण त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला नव्हता.

पंचाहत्तर साली डॉक्टर परतले ते साताऱ्याच्या एका सरकारी केंद्रात. पलूसला राहणं त्यांना तत्त्वतः शक्य नव्हतं, कारण तिथं थोरले बंधू भूपालअण्णा राहत. सुकुमारांच्या लग्नात मानाचा फेटा अण्णांच्या आधी चुलतभावाला बांधला गेला आणि अण्णा भरल्या मांडवातून उठून गेले. तेव्हापासून अबोला. अण्णांचं म्हणणं, फेट्याची चूक धाकट्याची, त्यानं आधी बोलावं. धाकट्याचं म्हणणं, मांडव सोडला तो थोरल्यानं, त्यानं बोलावं. (दोघांचंही बरोबर होतं. भाऊबंदकीत चूक कुणाचीच नसते, म्हणून तर ती टिकते.)

आई कस्तुरीअव्वा अण्णांकडं. अण्णांची साखर कारखान्यात पाळी असली की सुकुमार तिला भेटून येत. ती दर खेपेला एकच मागायची, "माजं डोळं मिटायच्या आत दोघं एकमेकांसंगं बोला रं. दुसरं कायबी नगं मला."

पर्युषण संपलं की जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, क्षमावाणी होते. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायची. दोघे भाऊ झाडून साऱ्या गावाची क्षमा मागत. एकदा अण्णांनी मुक्कामाला थांबलेल्या एसटीच्या कंडक्टरचीही मागितली. एकमेकांसमोर आले की मात्र दोघेही हात जोडून, दुसरा कधी तोंड उघडतो याची वाट बघत उभे राहत. शेवटी अव्वाच दोघांची क्षमा मागायची आणि घरी जाऊन चूल पेटवायची.

अशा अनुभवी माणसाच्या हाती सरकारनं पहिलं जाळं सोपवलं. सातारा जिल्ह्यातला एक साखर कारखाना आणि सांगली जिल्ह्यातला एक, दोघांच्या नोंदीत एकच ऊस उभा असायचा. तेव्हा दोन्हीकडं संगणक बसवून तार जोडायची, असं ठरलं. साताऱ्याकडचे चेअरमन नाथाजीराव आणि सांगलीकडचे बाळासो हे व्याही. सुकुमारांनी बैठकीत सिद्धांत समजावला आणि विचारलं, आधी हाक कुणाचं यंत्र मारणार?

बाळासो म्हणाले, "आमी मुलाकडचं. हाक त्येंनी मारायची, आमी ओ देऊ."

नाथाजीराव म्हणाले, "पोरगी दिलीया, कारखाना न्हाई दिला."

मग रीतीप्रमाणं उपसमिती नेमली गेली. एक दिवस यांनी, एक दिवस त्यांनी हाक मारावी, ही सूचना पहिला दिवस कुणाचा यावर अडली. चिठ्ठी टाकावी, तर ती उचलणार कुणाकडचा? एकाच मुहूर्तावर दोघांनी हाक मारून पाहिली. दोन्ही यंत्रं एकदम बोलू लागली आणि कुणाचंच कुणाला कळेना. (उपसमितीला यात काही बिघाड आहे असं वाटलं नाही.) अखेर डॉक्टरांनीच तोडगा काढला. दोन्ही यंत्रांनी अदबीनं वाट बघायची, हाक आली तर लगेच ओ द्यायची, आपण होऊन मात्र हाक मारायची नाही. दोन्ही चेअरमनांनी त्यांना शाली पांघरल्या.

जाळं दृष्ट लागावी असं चाललं. अख्ख्या हंगामात एक संदेश चुकला नाही, एकाला उशीर झाला नाही. दिल्लीचे पाहुणे म्हणाले, इतकं निर्दोष जाळं जगात नसेल. यातून काय काय जातं, असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शिस्त." त्यांना बढती मिळाली.

साताऱ्याकडच्या यंत्रावर डॉक्टर स्वतः बसत, आणि सांगलीकडच्या यंत्रावर तिथंच कामाला असलेल्या भूपालअण्णांची नेमणूक झाली होती. गप्प बसून राहण्याचा एवढा अनुभव कारखान्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. अव्वाला हे कळलं तशी ती मोहरली. पुढच्या खेपेला सुकुमारांना म्हणाली, "आता तर तारबी जोडलीया. बोल की रं त्येच्यासंगं."

"अव्वा, मी हाक मारली तर आमच्याकडच्या कारखान्याचा मान जाईल."

"आन माजं काय रं?" अव्वा म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. परतताना एसटीत सुकुमारांना रडू फुटलं. साताऱ्याचा स्टँड येईपर्यंत त्यांनी ते आवरलं.

पुढच्या हंगामात, माघातल्या एका सकाळी नाथाजीराव यंत्राच्या खोलीत चहा पीत असताना यंत्र खडखडलं. सांगलीची हाक होती. अण्णानं आधी हाक मारली होती. सुकुमारांचा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगा, तो आनंद भावाच्या भेटीचा नव्हता, भावाला नमवल्याचा होता.

"आलं का न्हाई व्याही वठणीवर," म्हणत नाथाजीरावांनी पेढे आणायला माणूस पिटाळला. यंत्रानं इमानानं ओ दिली. मग कागद वर सरकला. त्यावर लिहिलं होतं : अव्वा गेली. ये.

पेढे आले तेव्हा सुकुमार स्टँडवर पोचले होते.

पलूसला त्या दिवशी दोघे भाऊ पुष्कळ बोलले. लाकडं कुठनं आणायची, मामांना कुणी कळवायचं, कुणासाठी किती वेळ थांबायचं. अव्वा दोघांच्या मधेच निजली होती. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते तिच्या उशाशीच चाललं होतं, आणि तिला ते ऐकू येत नव्हतं.

सरकारी अहवालात पुढं नोंद झाली : जाळ्यातून गेलेला पहिला संदेश अचूक पोचला. विलंब : नाही.

ही जुनी गोष्ट झाली. आता तार नको, उपसमिती नको, यंत्र तुमच्या खिशातच आहे. त्यात एक नाव आहे, वाचता वाचता तुम्हाला ते आठवलंही असेल. चूक त्याचीच होती, आम्हाला मान्य आहे. तेव्हा तुम्ही मुळीच आधी हाक मारू नका. निवांत वाट बघा. त्याच्याकडून निरोप येईल, आणि अगदी अचूक येईल.